बोटाला लागले, पट्टी केली: कामातले आजार आणि इजा मोजायच्या कशा

प्रथमोपचाराच्या जाड वहीत पानोपानी एकच नोंद होती : ‘बोटाला लागले. पट्टी केली. कामावर परत.’ कुठलं बोट, कुठलं यंत्र, लागलं त्या क्षणी माणूस काय करत होता, काही पत्ता नाही. शिवाय दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वही कोरी. खोदून विचारलं तेव्हा कळलं की महिनाभर एकही अपघात नोंदला गेला नाही तर त्या विभागाला बक्षीस मिळायचं. बोटं शेवटच्या आठवड्यातही कापत होतीच, पट्टी तेवढी घरी जाऊन बांधली जात होती.

कामामुळे होणाऱ्या आजारांचा आणि इजांचा अभ्यास करायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या हाती पहिल्यांदा अशीच एखादी वही येते. सुरक्षा अधिकारी, संघटनेचे कार्यकर्ते, कारखान्यातल्या परिचारिका, सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी अशा कुणालाही आपल्या आवाक्यातला छोटा अभ्यास नीट करता यावा म्हणून हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक जण जखमा आणि आजारी माणसं मोजण्यात सगळा जीव ओततात. खरी गफलत होते ती भाजकात, म्हणजे किती माणसं, किती तास, आणि मुळात त्या यादीत कोण नाहीच, यात.

आधी प्रश्न पक्का करा

‘वेल्डरांची तब्येत कशी असते?’ हा गप्पांचा विषय झाला. अभ्यासाचा प्रश्न असा हवा : ‘गेल्या बारा महिन्यांत वेल्डिंग करणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या इजांचं प्रमाण, त्याच जागेत फिटिंग करणाऱ्यांपेक्षा जास्त होतं का?’ कोण, कशाने ग्रस्त, कुणाच्या तुलनेत आणि कुठल्या काळात, ही चार उत्तरं एका वाक्यात बसत नसतील तर पुढे जाऊ नका.

इजा आणि आजार यांची जात वेगळी असते, हेही इथेच ठरवून टाका. इजेला तारीख आणि वेळ असते. आजार गुपचूप येतो. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्क सुरू झाल्यावर वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. आज कामावर असलेल्यांची एक वर्षाची रजेची यादी पाहून ‘इथे कर्करोग नाही’ म्हणणं म्हणजे काल पेरलेल्या शेतात आज कणसं शोधणं. इजांसाठी वर्षभराची नोंदवही चालते. कंबर-मान-खांद्याच्या दुखण्यासाठी माणसांना विचारावं लागतं, ऐकण्यासाठी तीच चाचणी दरवर्षी करावी लागते, आणि कर्करोगासाठी जुने हजेरीपट काढून त्यातली माणसं आज कुठे आहेत ते शोधावं लागतं.

आपण एरवी अपघातांकडेच जास्त बघतो, कारण ते दिसतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ साली आलेल्या संयुक्त अंदाजानुसार २०१६ मध्ये कामाशी निगडित कारणांनी जगात सुमारे १९ लाख मृत्यू झाले. त्यातले ८१ टक्के असंसर्गजन्य आजारांचे होते. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करण्याशी जोडलेले मृत्यूच साधारण साडेसात लाख होते. पुढे श्रम संघटनेने २०१९ सालासाठी वेगळ्या पद्धतीने अंदाज केला, तो सुमारे २९ लाखांचा निघाला. तीन वर्षांत दहा लाख मृत्यू वाढले, असा याचा अर्थ लावू नका. कुठले आजार आणि कुठले संपर्क मोजायचे याच्या व्याख्या बदलल्या की आकडा बदलतो. तुमच्या छोट्या अभ्यासातही हेच होणार आहे.

पदनामावर विसंबू नका

हजेरीपटावर ‘हेल्पर’ लिहिलेला एक माणूस दिवसभर सिमेंटच्या गोण्या उचलतो, दुसरा सॉल्व्हंटने सुटे भाग पुसतो. दोघांना एका रकान्यात घातलं की दोघांचेही आजार हरवतात. व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, आयएससीओ-०८ मध्ये, दहा मोठे गट आणि अगदी तळाशी ४३६ छोटे गट आहेत. इतरांच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर ते सांकेतांक जरूर वापरा. पण त्याच्या शेजारी एक रकाना स्वतःचा ठेवा : ‘प्रत्यक्षात काय करतो’.

हे कळायला एक पूर्ण पाळी त्या माणसाशेजारी उभं राहावं लागतं. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याचं लक्ष कामगारांच्या आजारांकडे गेलं ते घरातला मैलाखड्डा उपसायला आलेल्या माणसामुळे. तो घाईघाईने काम उरकत होता, म्हणून रामाझ्झिनींनी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, इथे चार तासांहून जास्त थांबलं तर डोळे जातात. या कामातले लोक घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसतात आणि कोमट पाण्याने डोळे धुतात, हे त्यातूनच कळलं. पुढे १७०० साली आलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घाला : तू काम काय करतोस?

शेजारी उभं राहिल्यावर हातात घड्याळ आणि वही ठेवा. समजा, पॅकिंगला एक बाई १२ किलोचे खोके पट्ट्यावरून उचलून पॅलेटवर रचतेय. व्यवस्थापक सांगतील, ‘खोकं बारा किलोचं तर आहे.’ बरोबर. तुम्ही मोजता : मिनिटाला चार खोकी. तासाला २४०. म्हणजे तासाला २,८८० किलो आणि सात तासांत वीस टनांहून थोडं जास्त. आता पुढचं टिपा. उचलताना कमरेतून वळावं लागतं का? खोकं अंगापासून किती लांब धरावं लागतं? खालचा थर रचताना हात गुडघ्याखाली जातात का? वजन उचलण्याच्या नायॉशच्या (अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या) सूत्रात २३ किलो ही मर्यादा सगळं काही अनुकूल असतानाची आहे. वाकणं, वळणं, अंतर आणि वारंवारता यांतली प्रत्येक गोष्ट ती मर्यादा खाली आणते. ‘बारा किलो’ या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

आणखी एक विचारायचं : याआधी काय करत होतात? आजचा सुरक्षारक्षक पंधरा वर्षं दगड कापत असू शकतो. त्याची फुफ्फुसं आजच्या पदनामाच्या खात्यात टाकली तर सुरक्षारक्षकाची नोकरी उगाच बदनाम होते आणि दगडाची धूळ सुटते.

‘झालं’ कुणाला म्हणायचं

मोजायला सुरुवात करण्याआधी व्याख्या लिहून काढा आणि मग ती बदलू नका. इजांसाठी साधी उतरंड पुरते : फक्त प्रथमोपचार, डॉक्टरी उपचार, एक दिवस तरी कामाला मुकणं, कायमचं व्यंग, मृत्यू. प्रत्येक नोंदीसाठी चार प्रश्न. लागण्याच्या जरा आधी काय चाललं होतं? मग काय झालं? शरीराच्या कुठल्या भागाला काय इजा झाली? कशामुळे? पहिल्या परिच्छेदातली नोंद या चार प्रश्नांतून गेली की अशी होते : ‘प्रेस चालू ठेवून साच्यात अडकलेला पत्रा हाताने ओढत होता. पत्रा एकदम सुटला. उजव्या तर्जनीच्या पेरावर खोल काप. कारण, पत्र्याची धार.’ आता उपायही दिसतो. हातमोजे ही नंतरची गोष्ट, पत्रा अडकतोच का आणि तो काढताना प्रेस चालू का असतो, हे आधी.

अंगदुखीसाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली अजून जगभर चालते. शरीराचे नऊ भाग, आणि प्रत्येकासाठी गेल्या बारा महिन्यांतलं व गेल्या सात दिवसांतलं दुखणं विचारायचं. माणसाचं चित्र दाखवून विचारलं तर ‘खांदा’ आणि ‘मान’ यांचा घोळ होत नाही. ऐकण्याच्या चाचणीत ४,००० हर्ट्झच्या आसपास पडलेला खड्डा बघा. गोंगाटाने गेलेलं ऐकणं आधी तिथे घसरतं, तर वयाने कमी होणारं ऐकणं वरच्या वारंवारतेकडे उतरतच जातं.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न मात्र साधा आहे : ‘सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?’ कामावरच्या कशाने दमा होत असेल तर सुट्टीत बरं वाटतं आणि परतल्यावर पुन्हा सुरू होतं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची सुरुवात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटण्याने होते आणि पुढच्या दिवसांत ते ओसरतं. जस्ताच्या धुराने येणारा ताप असाच फसवा. शरीर आठवडाभरात त्या धुराला सरावतं, दोन दिवस सुट्टीत सराव मोडतो, आणि कामावर परतलेल्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरते. लोक त्याला फ्लू समजतात. तारखेसोबत वार लिहिलेला नसेल तर हा धागा हातातून सुटतो.

लपलेल्या नोंदी

एकाच वहीवर अभ्यास उभा करू नका. प्रथमोपचार, आजारपणाची रजा, विम्याचे दावे, जवळच्या दवाखान्याचं रजिस्टर, संघटनेकडच्या तक्रारी, जे मिळेल ते घ्या आणि नावं ताडून बघा. कुठे किती गळती आहे याचा ढोबळ अंदाज दोन याद्यांवरून काढता येतो. समजा, प्रथमोपचाराच्या वहीत ४० इजा आहेत, दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये ३० आणि दोन्हीकडे सापडणाऱ्या १२. तर ४० गुणिले ३० भागिले १२, म्हणजे साधारण १०० इजा झाल्या असाव्यात. तुमच्या हाताशी दोन्ही मिळून ५८ आल्यात. बाकीच्या ४२ कुणीच लिहिलेल्या नाहीत. हे गणित दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतं. वहीत नोंद झालेल्यालाच दवाखान्यात पाठवत असतील तर खरा आकडा शंभराच्याही वर असतो.

आणखी एक खूण. मृत्यू आणि तुटलेली हाडं लपवणं अवघड असतं, खरचटणं सोपं. एखाद्या विभागात गंभीर इजा भरपूर आणि किरकोळ जवळपास शून्य असतील तर तिथे सुरक्षितता नाही, वही नीट भरली जात नाही.

भाजक

इथे सावकाश वाचा. समजा, एका वर्षात वेल्डिंग विभागात ४० माणसांत ६ इजा झाल्या आणि पॅकिंगमध्ये १२० माणसांत १२. शंभर माणसांमागे वेल्डिंगला १५, पॅकिंगला १०. अहवालात लिहिलं जातं, ‘वेल्डिंग अधिक धोकादायक’, आणि सगळा निधी तिकडे जातो.

आता हजेरीपट उघडा. वेल्डरांना ओव्हरटाइम भरपूर, वर्षाला सरासरी ३,००० तास. चाळीस जणांचे मिळून १,२०,०००. पॅकिंगमध्ये बहुतेक बायका अर्धवेळ, सरासरी १,००० तास. १२० जणींचे मिळून तेही १,२०,०००. इजांचा दर काढायची रूढ पद्धत म्हणजे इजा भागिले तास, गुणिले २,००,०००. दोन लाख का, तर आठवड्याला ४० तासांप्रमाणे ५० आठवडे काम करणाऱ्या शंभर माणसांचे तेवढे तास होतात. काही ठिकाणी दहा लाख तासांमागे दर देतात, म्हणून तुलना करताना तळटीप वाचा. आपल्या उदाहरणात वेल्डिंगचा दर येतो १० आणि पॅकिंगचा २०. क्रम पार उलटला, आणि इजा तर आपण एकही बदलली नाही.

थांबा, अजून संपलं नाही. पॅकिंगचा दर दुप्पट दिसतो, पण इजा अवघ्या सहा आणि बारा. एवढ्या लहान संख्यांवर ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्यात असेल तो पल्ला, काढली तर दोन दरांचं हे गुणोत्तर सुमारे ०.७५ ते ५.३ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. म्हणजे दोन्हीकडे धोका सारखा असण्याची शक्यताही अजून जिवंत आहे. म्हणून लिहायचं ते असं : ‘तासांच्या हिशेबाने वेल्डिंग पुढे असल्याचं दिसत नाही. पॅकिंगकडे लक्ष द्यायला हवं. खात्रीसाठी आणखी दोन वर्षांच्या नोंदी जमवाव्यात.’ आणि एकही इजा नसेल तर? शून्य म्हणजे धोका शून्य नव्हे. ६० माणसांत वर्षभरात एकालाही काही झालं नाही, तरी खरं प्रमाण ६० मागे ३, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. तीन भागिले माणसं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ घोषणा आवरतील.

भाजकातली सगळ्यात वाईट चूक कंत्राटी माणसांची. त्यांच्या इजा दवाखान्याच्या यादीतून वर येतात, तास ठेकेदाराच्या वहीत राहतात, आणि दर फुगतो. किंवा उलट, तास मोजले जातात आणि इजा ठेकेदार परस्पर मिटवतो, मग दर आक्रसतो. नियम एकच : ज्याची इजा वर धरली त्याचे तास खाली हवेत, ज्याचे तास खाली धरले त्याची इजा शोधलेली हवी.

तुलना कुणाशी

कामगारांची तुलना सरसकट लोकसंख्येशी केली तर घातक कामंसुद्धा आरोग्यदायी दिसू लागतात. कारण उघड आहे. आजारी माणसाला ते काम मिळत नाही, आणि मिळालं तरी तो टिकत नाही. विल्यम ऑगल यांनी १८८५ सालीच ब्रिटनच्या मृत्यूंच्या आकड्यांत ही अडचण ओळखली होती. म्हणून तुलना शक्यतो कामगारांशी करा, त्याच जागेतल्या दुसऱ्या कामाच्या. आणि सोडून गेलेल्यांना शोधा. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या आठ जणांना फुफ्फुसाच्या बारीक नळ्या बंद करणारा दुर्मीळ आजार असल्याचं पुढे आलं. हे आठही जण माजी कामगार होते. पुढच्या तपासात लोण्याच्या स्वादासाठी वापरल्या जाणाऱ्या डायअसेटिलकडे बोट गेलं. केवळ हजर असलेल्यांची यादी घेऊन बसलेल्याला ते आठ जण सापडले नसते.

काम माणसाला घडवतं, तसं माणूसही काम निवडतो. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवलं की लंडनच्या बसमध्ये बसून असणाऱ्या चालकांना, जिने चढउतर करणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. निष्कर्ष सरळ वाटतो. पण तीन वर्षांनी त्यांनीच गणवेशांच्या मापांची नोंद तपासली, तर तरुण वयातही चालकांच्या पँटची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती. म्हणजे फरकाचा काही भाग कामावर येतानाच सोबत आलेला असू शकतो. स्वतःच्याच निष्कर्षाला शिंप्याच्या मापांनी धक्का देणारा संशोधक मला फार आवडतो. तुमच्याकडेही वय, आधीचं काम, तंबाखू, नोकरीची वर्षं एवढं तरी नोंदलेलं असू द्या आणि तुलना वयोगटांनुसार वेगवेगळी करा.

लोक आपसात काय बोलतात

कधी कधी एवढं गणित लागतच नाही. १७७५ साली पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांमधला अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग काजळीशी जोडला. १९७४ मध्ये केंटकीतल्या एका प्लास्टिक कारखान्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की यकृताचा अँजिओसार्कोमा हा अत्यंत दुर्मीळ कर्करोग तिथल्या तीन कामगारांना झालाय. त्यातून व्हिनिल क्लोराइड पकडलं गेलं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या पुरुषांच्या आपसातल्या बोलण्यात आलं की आपल्यापैकी कुणालाच मुलं होत नाहीयेत. शुक्राणू तपासले तेव्हा त्यांची शंका खरी ठरली. दुर्मीळ आजार एकाच जागी दोनदा दिसला की थांबा. सामान्य आजारांचा घोळका मात्र निव्वळ योगायोगही असतो. तिथे, संपर्क हेच आजाराचं कारण आहे का हे जोखण्यासाठी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ साली मांडलेले नऊ मुद्दे पडताळा. निदान तीन तरी : संपर्क आधी आणि आजार नंतर आहे का, जास्त संपर्काला जास्त आजार आहे का, दुसरीकडे कुणाला हेच दिसलंय का. पहिलाच मुद्दा बसला नाही तर बाकीचे बघायची गरज नाही.

विचारताना सुपरवायझर खोलीत नको. संमती घ्या, उत्तर न देण्याची मुभा खरोखर द्या, आणि ‘नोकरीला धक्का लागणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की नावं वेगळ्या वहीत ठेवणं, आणि पाचपेक्षा कमी माणसांचा गट तक्त्यात स्वतंत्र न दाखवणं. दोनच क्रेन ऑपरेटर असतील तर ‘क्रेन ऑपरेटर, पाठदुखी : १’ हे नाव छापण्यासारखंच आहे.

निकाल आधी कुणाला दाखवायचा

ज्यांना विचारलं त्यांना. एकदा मी तक्ता भिंतीवर लावून समजावत होतो, तेव्हा मागून एका बाईंनी विचारलं, ‘यात रात्री टाक्या धुणाऱ्या कुठायत?’ त्या माझ्या हजेरीपटावरच नव्हत्या. त्यांचे तास मिळवायला तीन आठवडे गेले, तक्ता पुन्हा केला, आणि डोळे-त्वचेच्या तक्रारींचा सगळ्यात मोठा आकडा त्यांच्याच रांगेत आला.

उपाय सुचवताना क्रम पाळा. घातक वस्तू काढून टाकता येते का, बदलता येते का, यंत्राला आडोसा किंवा धूर ओढणारी सोय करता येते का, मग कामाची पद्धत आणि पाळ्या, आणि सगळ्यात शेवटी मास्क-हातमोजे. गोंगाटाचं उदाहरण घ्या. आठ तासांना ८५ डेसिबल ही शिफारस असेल, तर ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ अर्धा, म्हणजे ८८ डेसिबलला चारच तास. हेच उलट वाचलं तर यंत्राचा आवाज ३ डेसिबलने जरी उतरला तरी कानावर येणारा भार निम्मा होतो. वर्षभराने तीच व्याख्या, तोच भाजक घेऊन पुन्हा मोजा.

कागद जपून ठेवा. कोण, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या जागी, कुठल्या रसायनाजवळ होतं, याची यादी चाळीस वर्षं टिकेल अशी. रसायनाचं बाजारातलं नाव बदलत राहतं, म्हणून डब्यावरच्या लेबलाचा फोटो यादीला जोडा आणि त्यावर तारीख घाला.